कुमार गंधर्वांचा लहानमोठा आवाज

गवयाचे चरित्र सांगताना आपल्याकडे गुरू कोण, घराणे कोणते, दरबार कोणाचा आणि मानसन्मान कोणते मिळाले, एवढे सांगितले की काम झाले असे समजतात. त्याच्या आवाजाचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. कै. कुमार गंधर्व यांच्या बाबतीत मात्र आवाजाचे चरित्र हेच खरे चरित्र होय. तो आवाज लहानपणीच प्रसिद्धीस आला, ऐन उमेदीत हरपला, पाच-सहा वर्षांनी परत आला आणि परत आला तो अगदी निराळा होऊन आला. कुजबुजीइतका लहान होणारा आणि क्षणात आरोळीइतका मोठा होणारा तो आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला, अशी माणसे माळव्यातल्या मराठी घरांत अजून आहेत.

मी हा विषय काढला त्याचे कारण थोडे व्यावहारिक आहे. घरोघरच्या जुन्या टेपा संगणकावर उतरवून देण्याचे काम मी करतो. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील जुन्या कुटुंबांकडून ज्या टेपा येतात, त्यांत कुमारांच्या घरगुती बैठकींच्या टेपा हमखास असतात. टेप देणारा बहुधा एकच सूचना करतो : आवाज सगळा सारखा करून द्या, कुठे ऐकू येत नाही आणि कुठे कान फाटतात. हा सारखेपणा आणणारे एक यंत्र असते, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. ते कुमारांच्या गाण्याला लावावे की नाही, याचे उत्तर यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सापडत नाही. ते त्यांच्या आयुष्यात शोधावे लागते.

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी. वडील स्वतः गाणारे होते. घरात गाणे होते आणि फोनोच्या तबकड्याही होत्या. हा मुलगा कुणापाशी शिकण्याआधीच तबकड्यांतील गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवू लागला. सवाई गंधर्व, वझेबुवा, अब्दुल करीम खां अशा नामांकित गवयांच्या जागा त्याच्या बालकंठातून हुबेहूब निघत. एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. वयाच्या दहा-अकराव्या वर्षी हा मुलगा गावोगाव जलसे करीत होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुमारांच्या जन्मानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, अमेरिकेत विजेच्या मायक्रोफोनने तबकड्या भरण्यास सुरुवात झाली. त्यापूर्वी गवयाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. नाजूक स्वर मेणावर उमटतच नसे. विजेचा मायक्रोफोन आला आणि हलका स्वरही टिपला जाऊ लागला. परंतु त्याबरोबर एक अडचण आली. तबकडीवरची रेघ ही स्वराबरोबर डावी-उजवीकडे हलते. स्वर जितका मोठा, तितकी तिची हालचाल रुंद. फार मोठा स्वर आला तर ती शेजारच्या रेघेत घुसते आणि सुई उडी मारते. फार लहान स्वर आला तर तो तबकडीच्या खरखरीत बुडून जातो. म्हणून भरणारा माणूस हाताशी बटण घेऊन बसे. गवई वर चढला की आवाज कमी करी, खाली उतरला की वाढवी. पुढे हेच काम आपोआप करणारी यंत्रे निघाली आणि त्यांना कॉम्प्रेसर हे नाव पडले. म्हणजे लहानग्या शिवपुत्राने जे गाणे तबकड्यांवरून उचलले, ते आधीच कुणीतरी थोडेसे दाबून सारखे केलेले गाणे होते. त्या पेटीबंद आवाजाला ज्याने पुढे पेटीतून बाहेर काढले, तोच हा मुलगा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये झालेल्या संगीत परिषदेत या बालगायकाने जाणत्या श्रोत्यांना थक्क केले. त्यानंतर त्याचे शिक्षण ज्यांच्याकडे झाले ते प्रा. बा. र. देवधर हे गुरूंमध्ये एक वेगळेच गृहस्थ होते. विष्णु दिगंबरांचे शिष्य असूनही त्यांनी एका घराण्याची चौकट मानली नाही. ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या शाळेत सर्व घराण्यांचे गवई येत, गात, वाद घालीत. शिवाय देवधरांचा कंठसाधनेचा अभ्यास होता. मनुष्याचा आवाज कसा निघतो, कशाने बिघडतो, कशाने टिकतो, याचा शास्त्रीय विचार करणारे ते आपल्याकडचे पहिल्या काही लोकांपैकी होत. नकलेत तरबेज असलेल्या मुलाला त्यांनी नकलेतून बाहेर काढले, हे त्यांचे मोठे श्रेय. कुमारांनी अंजनीबाई मालपेकरांकडूनही मार्गदर्शन घेतले. विशीतच ते नाणावलेले गवई झाले आणि देवधरांच्या शाळेत शिकवूही लागले. तिथल्याच एक विद्यार्थिनी भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचा विवाह झाला.

आणि याच सुमारास क्षयाने गाठले.

आज क्षयाचे नाव घेतले तर औषधाचा कोर्स आठवतो. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ बहुतेक घरांत एकच होता. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जाणे हाच उपाय. १९४८ च्या जानेवारीत कुमार व भानुमतीबाई देवासला आले. हवेसाठी आलेला तो तरुण मनुष्य पुढे चव्वेचाळीस वर्षे तिथेच राहिला.

देवासबद्दल आपल्या वाचकांना काय सांगावे! पवारांच्या एकाच घराण्याच्या धार आणि देवास या शाखा, आणि देवासात पुन्हा थोरली पाती व धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थाने. वर चामुंडेची टेकडी, खाली दोन राजवाडे. थोरल्या पातीच्या महाराजांपाशी राहून गेलेल्या फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९५३ साली त्या दिवसांवर पुस्तक काढले, त्याला नावही या टेकडीवरूनच दिले. कवी भास्करराव तांबे यांचे शिक्षण या गावातले. धाकट्या पातीच्या आश्रयाने राहिलेले उस्ताद रजब अली खां कुमार आले तेव्हा देवासातच होते आणि १९५९ साली तिथेच वारले. परंतु कुमार आले ते दरबारी गवई म्हणून नव्हे. १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारत राज्य झाले आणि धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर या सर्व गाद्यांचा कारभार संपला. गवयाला पोसणारी व्यवस्था मोडली त्याच वर्षी हा गवई माळव्यात आला, तोही गाणे बंद झालेला रोगी म्हणून. देवासच्या गादीने त्याला काही दिले नाही. जे दिले ते देवासच्या हवेने आणि लोकांनी.

डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. पाच वर्षांच्या आसपास हा मनुष्य खाटेवर पडून होता. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी केली, घर चालविले आणि शुश्रूषाही केली. आपल्या घरांतील स्त्रियांनी असे कितीतरी संसार मुकाट्याने सावरले आहेत; या एका संसाराचे फळ साऱ्या देशाला मिळाले, एवढाच फरक.

गाता येत नाही तो गवई काय करतो? ऐकतो. घरावरून बाजाराला जाणाऱ्या बायका, शेतातल्या मजुरणी, सणावाराला बसणाऱ्या गीतांच्या पंगती, गल्लीत येणारे नाथपंथी जोगी. देवासात शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथल्या नाथपंथी भजनांची परंपरा कुमारांच्या कानी पडली आणि निर्गुणी भजनांचे एक दालनच त्यांच्यापुढे उघडले. धार-देवासच्या खेड्यांतील माळवी गीते आपल्या पिढ्यानुपिढ्या कानांवरून जात आली होती. आपण मराठी मंडळींनी त्यांच्याकडे कामवाल्यांची गाणी म्हणून पाहिले. कुमारांनी पडल्या पडल्या त्यांचे स्वर टिपले, आणि चार-पाच सुरांच्या त्या धुनांत रागाचे बी असते असा सिद्धान्त मांडला. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसूरजा हे त्यांचे धुनउगम राग म्हणजे त्या खाटेवरच्या ऐकण्याचे पीक आहे.

माझ्या मते या वर्षांत आणखी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा कमी होते. खेड्यातली बाई गाते तेव्हा ती आवाज सारखा ठेवीत नाही. दळताना, कांडताना तिचा स्वर श्रमाबरोबर फुगतो आणि ओसरतो. लांबवर कुणाला हाक घातल्यासारखा एक सूर येतो आणि पुढचा शब्द स्वतःशीच म्हटल्यासारखा विरतो. रानात गाणारा जोगी तर मोकळ्या आकाशाला ऐकवितो आणि लगेच डोळे मिटून आत वळतो. दरबारी ख्यालात आवाजाची उंची बदलते, फेक मात्र बहुधा एकच राहते. हाक आणि कुजबूज यांचा हा खेळ कुमारांनी लोकगीतांतून ख्यालात आणला असे मला वाटते.

१९४३ साली शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध पन्नाशीच्या आरंभी आपल्याकडे मिळू लागले आणि कुमार वाचले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. लोकांनी जो आवाज ऐकला तो ओळखीचा नव्हता. लांबलचक पल्ल्याच्या ताना आणि संथ, प्रदीर्घ बढत यांच्या जागी छोटे छोटे, नेमके तुकडे आले. मध्येच थांबणे आले. त्या थांबण्यात दोन तंबोरे बोलू लागले. कुमार तंबोरे लावण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे. ज्याला दम पुरवून पुरवून वापरावयाचा आहे, त्याला तंबोरा ही नुसती साथ राहत नाही. तो श्वास घेतो तेवढा वेळ गाणे तंबोऱ्याने सांभाळावयाचे असते.

टीकाकारांनी याची एक सोपी उपपत्ती लावली : एक फुफ्फुस गेले, म्हणून असे तुटक गाणे. ही उपपत्ती अपुरी आहे. दम कमी असलेला मनुष्य सगळेच बेताने म्हणेल. तो तारसप्तकात अचानक आभाळ फाडल्यासारखा स्वर कशाला लावील? कुमारांनी तो लावला. त्यांच्याजवळ शिल्लक थोडी होती, आणि ती कुठे खर्च करावयाची हे ते विचाराने ठरवीत. नऊ ओळी काटकसरीने म्हणून दहाव्या ओळीला सर्वस्व ओतावे, हा त्यांचा हिशेब होता. मर्यादा शरीराने घातली; तिचे व्याकरण मात्र बुद्धीने केले.

पुढील चाळीस वर्षांचे कर्तृत्व सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा केवळ उल्लेख करतो. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत हे ऋतूंचे कार्यक्रम, माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम, कबीर, सूर व मीरा यांची त्रिवेणी, तुलसीदास, ठुमरी-टप्पा-तराणा. मराठी घरांना अधिक जवळचे म्हणजे तांबे गीतरजनी आणि बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांनी लावलेला अर्थ. १९६५ साली अनूपरागविलास हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला. १९६९ साली गांधीशताब्दीनिमित्त गांधी मल्हार हा राग त्यांनी बांधला. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण. घरात दुःखही आले. १९६१ साली भानुमतीबाई दुसऱ्या बाळंतपणात वारल्या. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला, आणि त्या मैफलीत त्यांच्या मागे बसून त्यांच्या गाण्यात अशा मिसळत की दोन माणसे गात आहेत याचा विसर पडे. टेकडीच्या पायथ्याच्या भानुकुल या घरातून मुलगा मुकुल, मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश अशा दोन पिढ्या गाणाऱ्या निघाल्या. १२ जानेवारी १९९२ रोजी कुमार देवास येथेच निवर्तले. वसुंधराबाई २०१५ साली गेल्या.

आता यंत्राकडे वळतो. हा योगायोग पाहावा : कुमार देवासला आले त्या १९४८ सालीच अमेरिकेत एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी लाँग-प्ले तबकडी निघाली. जुन्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत राग आटपावा लागे. लाँग-प्लेने वेळ दिला आणि शांतताही दिली. तिची खरखर कमी, म्हणून लहान स्वर जगू लागला. कुमारांचे परत आलेले गाणे थांबण्यावर आणि कुजबुजीवर उभे होते. ते जुन्या तबकडीवर अर्धे मेले असते. आणि ते गेले त्याच्या आधीच्या वर्षी, १९९१ साली, संगणकावर ध्वनिमुद्रण करणारी प्रो टूल्स ही प्रणाली बाजारात आली. तिच्या मागून आलेल्या अशाच प्रणाल्यांवर आज आमच्यासारख्यांचे काम चालते.

कॉम्प्रेसर काय करतो ते साध्या हिशेबाने सांगतो. यंत्रावर एक पातळी ठरवून द्यावयाची. आवाज त्या पातळीच्या खाली असेतो यंत्र हात लावीत नाही. वर गेला की दाबते. चारास एक असे प्रमाण लावले, तर पातळीच्या आठ डेसिबल वर गेलेला स्वर बाहेर येताना दोनच डेसिबल वर येतो. किती चटकन दाबावयाचे आणि किती सावकाश सोडावयाचे, याची दोन निराळी बटणे. मोठे स्वर असे खाली आणले की सगळेच वर उचलता येते आणि मग लहान स्वरही मोठा ऐकू येतो. साठीच्या दशकात अमेरिकेत निघालेली टेलिट्रॉनिक्स एलए-२ए आणि ११७६ ही दोन यंत्रे आजही नाव राखून आहेत. पहिल्यात आवाजाबरोबर उजळणारा दिवा आणि त्या उजेडाने बदलणारा घट असतो. त्यामुळे त्याचे दाबणे सावकाश व मऊ होते. दुसरे विजेच्या चपळाईने पकडते. संगणकात यांच्या नकला आहेत, तरी पुष्कळ जाणकार खरे यंत्र बाहेर ठेवून संगणकाला जोडतात, कारण लोखंड-तांब्याचे रोहित्र आणि काचेच्या नळ्या यांतून गेलेल्या स्वराला येणारा भरीवपणा त्यांना हवा असतो.

जोडणीची रीत अशी. संगणकाच्या साउंड कार्डातून स्वर बाहेर काढावयाचा, यंत्रातून न्यावयाचा आणि दुसऱ्या वाटेने परत संगणकात आणावयाचा. या फेरीला वेळ लागतो. नेहमीच्या मांडणीत जाऊन-येऊन दहा-बारा मिलिसेकंद. मूळ स्वर आणि फिरून आलेला स्वर एकत्र वाजविले तर एवढ्याशा अंतराने आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून प्रणाली आधी एक टिचकी पाठवून वेळ मोजते आणि तेवढा भाग सरकवून घेते. शिवाय व्यावसायिक यंत्र आणि घरगुती यंत्र यांच्या विद्युत्-पातळीत सुमारे बारा डेसिबलांचा फरक असतो, तो जुळवावा लागतो. फेरी होते ती गाण्याच्या वेळेतच. तासाभराची मैफल तासभर बसूनच फिरवावी लागते. आणि बटणे कुठे होती हे संगणक लक्षात ठेवीत नाही. ते वहीत लिहून ठेवावे लागते. हे सगळे कष्ट सोसण्याजोगे आहेत. माळवी भजनी मंडळींचे मुद्रण करताना मी ते आनंदाने सोसतो. ढोलक, मंजिरे आणि दहा गळे एकदम उसळतात तेव्हा सौम्य कॉम्प्रेसर शब्द सांभाळतो. आकाशवाणीच्या प्रक्षेपकालाही मर्यादा ओलांडू न देणारे असेच यंत्र लागते. यंत्र वाईट नाही.

परंतु कुमारांची बैठक त्यातून नेली की काय होते ते मी अनेकदा ऐकले आहे. देवासच्या एका कुटुंबाने एक टेप अन्यत्र सारखी करून घेतली होती आणि काहीतरी चुकते आहे एवढेच म्हणून ती माझ्याकडे आणली. मी ती मूळ टेपेशी ताडून पाहिली. वरचा स्वर, ज्यासाठी त्यांनी नऊ ओळी शिल्लक राखली, तो इतर स्वरांच्या रांगेत येऊन बसला होता. कुजबूज कुजबूज राहिली नव्हती. कानाशी तोंड लावून मोठ्याने बोलणाऱ्या माणसासारखी झाली होती. त्याहून विचित्र म्हणजे ते थांबले की यंत्राची पकड सुटे आणि तंबोरे लोहाराच्या भात्यासारखे फुगून वर येत. इतक्या प्रेमाने जुळविलेल्या तंबोऱ्यांची ती गत पाहवेना. आणि शेवटची गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. त्या फुगलेल्या शांततेत श्वास घेण्याचा आवाज गाण्याइतकाच मोठा झाला होता. ज्या मनुष्याने एका फुफ्फुसाचा श्वास आयुष्यभर झाकून, राखून, कलेत जिरवून वापरला, त्याचा तो खासगी झगडा यंत्राने चव्हाट्यावर मांडला आणि त्या झगड्यातून त्याने जे मिळविले ते मात्र पुसून टाकले.

यात एक आणखी मेख आहे, ती घरोघरी टेपा असलेल्यांनी ध्यानात घ्यावी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील बहुतेक घरगुती कॅसेट यंत्रांत पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असे. म्हणजे त्या टेपा भरतानाच एकदा दाबल्या गेल्या आहेत. गाणे सुरू होण्यापूर्वी तंबोरे फार मोठे आणि मोठ्या स्वरानंतर क्षणभर सारे बहिरे, ही तिची खूण. अशा टेपेवर दुसरा कॉम्प्रेसर म्हणजे धुतलेल्या रंगावर पुन्हा साबण. स्पूलच्या टेपा मात्र बहुधा सुईकडे पाहत हाताने भरलेल्या. त्यांत गाणे बरेच शाबूत सापडते. त्या आधी उतरवून घ्याव्यात.

लहान स्वर वाचविण्यासाठी दाबणे हा जुन्या साधनांचा नाइलाज होता. खरखर खालून वर येई आणि रेघेची रुंदी वरून अडवी, त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या गल्लीत गाणे बसवावे लागे. आज चोवीस बिटांवर उतरविताना गल्लीचे मैदान झाले आहे. वर बारा डेसिबल मोकळे सोडून उतरविले तरी तळाचा तंबोराही स्वच्छ येतो. मुद्रणातच दाबलेले परत कधी उलगडता येत नाही; न दाबता ठेवलेले हवे तेव्हा दाबता येते. म्हणून मूळ प्रतीला यंत्र लावू नये, हा माझा नियम. प्रवासात, गोंगाटात ऐकण्यासाठी कुणाला निराळी प्रत हवीच असेल, तर मी जुन्या मुद्रकाप्रमाणे हाताने पातळी हलवितो. ओळ येण्यापूर्वी, तिचा अर्थ पाहून, थोडीशी. फारच झाले तर दोनास एक प्रमाणाने दोन-तीन डेसिबल, सावकाश सोडणारे. यंत्राला फक्त आवाज कळतो. पुढची ओळ कोणती हे माणसाला कळते.

त्या देवासच्या कुटुंबाला मी दोन्ही प्रती दिल्या आणि एक विनंती केली : रात्री, पंखा बंद करून, मूळ प्रत ऐका. घरातल्या आजींनी कुमारांना समोर बसून ऐकले होते. त्यांनी मूळ प्रतच ठेवून घेतली.

२०२३-२४ हे कुमारांचे जन्मशताब्दी वर्ष गावोगाव साजरे झाले. भाषणे झाली, मैफली झाल्या. परंतु आपल्या कपाटांत पडलेल्या टेपा अजून पडूनच आहेत आणि टेपेचे आयुष्य काही शंभर वर्षांचे नसते. त्या उतरवून घ्याव्यात आणि उतरविताना त्यांतील उंचसखलपणा जसाच्या तसा राहू द्यावा. कुमारांच्या गाण्यात जे ऐकू येत नाही असे आपल्याला वाटते, ते त्यांनी आपल्याला जवळ बोलाविण्यासाठी तसे ठेवले आहे. आपण थोडे पुढे सरकून बसावे.